पहाटेचं स्वप्न

दहावीचा बीजगणिताचा पेपर मी आजवर निदान पन्नास वेळा दिला असेल. खरा एकदाच, १९८४च्या मार्चमध्ये. बाकीचे सगळे झोपेत. हॉल तिकीट घरी राहिलेलं असतं. शाळेचा जिना चढता चढता संपत नाही. कसंबसं वर्गात पोचावं, तर पोरं पुरवण्यांना दोरा बांधायला लागलेली असतात आणि माझ्या हातात पेनाऐवजी भाजीची पिशवी असते.

आजी होती तोवर असलं काही पडलं की सकाळी चहाच्या वेळी तिच्या कानावर घालायचो. स्वप्नात काय घडलं याच्याशी तिला फारसं देणंघेणं नसे. तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "कधी पडलं रे? रात्री की पहाटे?" रात्रीचं म्हटलं की ती हात झटकून कामाला लागायची. पहाटेचं म्हटलं की मात्र कप खाली ठेवायची.

आजीचं सगळं स्वप्नशास्त्र तीन वाक्यांत मावायचं. पहाटेचं स्वप्न खरं होतं. मनी वसे ते स्वप्नी दिसे. आणि वाईट स्वप्न पोटात ठेवू नये, बोलून टाकावं. यातली पहिली दोन वाक्यं एकमेकांशी भांडतात हे तिच्या कधी लक्षात आलं नाही, आणि माझ्याही फार उशिरा आलं. मनात आहे तेच जर स्वप्नात दिसत असेल, तर ते उद्या घडणारं कसं असेल? पुढे झोपेच्या संशोधनाबद्दल वाचत गेलो, तेव्हा ही तीन वाक्यं एकेक करून तपासून पाहायची सवयच लागली.

सुरुवात आजीच्या प्रश्नापासून करू, कारण झोपेच्या प्रयोगशाळेतही पहिला प्रश्न 'किती वाजता' हाच असतो.

१९५१ साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की नावाचा एक विद्यार्थी संशोधन करत होता. हातात पदवी नाही, घरात बायको-मुलं, खिसा रिकामा. अडगळीत पडलेलं मेंदूच्या लहरी टिपण्याचं एक जुनं यंत्र त्याने दुरुस्त केलं आणि पहिला 'रुग्ण' म्हणून स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाला त्यापुढे झोपवलं. डोळ्यांच्या कडेला, डोक्याला तारा चिकटवल्या. मुलगा झोपला. काही वेळाने कागदावरची लेखणी अचानक सैरावैरा धावू लागली. बापाला वाटलं, पोरगं जागं झालं. जाऊन बघतो तर ते गाढ झोपेत. फक्त मिटलेल्या पापण्यांआड बुबुळं भिरभिरत होती. यंत्र बिघडलंय म्हणून त्याने ते पुन्हा पुन्हा तपासलं. यंत्र ठीक होतं. झोप म्हणजे मेंदूचा दिवा मालवणं, ही त्या काळची समजूत चुकीची होती.

असेरिन्स्कीचे गुरू नथॅनिएल क्लाइटमन हे झोपेच्या अभ्यासातलं तेव्हाचं सर्वांत मोठं नाव. झोपेचं चक्र सूर्यावर किती अवलंबून आहे हे पाहायला १९३८ साली ते केंटकीतल्या मॅमथ केव्ह या गुहेत ३२ दिवस राहिले होते. विद्यार्थ्याच्या शब्दावर भागेना, म्हणून त्यांनी आपल्या मुलीला त्या यंत्रापुढे झोपवलं. तिचेही डोळे फिरले. मग दोघांनी मोठ्या माणसांना बुबुळं फिरत असताना जागं करायला सुरुवात केली. २७ वेळा उठवलं, त्यातल्या २० वेळा तपशीलवार स्वप्न ऐकायला मिळालं. बुबुळं स्थिर असताना २३ वेळा उठवलं, तर १९ वेळा 'काही आठवत नाही' हेच उत्तर. १९५३ साली हे 'सायन्स' नियतकालिकात छापून आलं. या झोपेला पुढे 'रॅपिड आय मूव्हमेंट' म्हणजे थोडक्यात 'रेम' झोप असं नाव पडलं.

आता आजीचं घड्याळ. माणसाची झोप साधारण दीड दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते. प्रत्येक फेरीत आधी गाढ झोप, शेवटी रेम. रात्रभरात अशा चार-पाच फेऱ्या होतात, पण सगळ्या सारख्या नसतात. रात्रीच्या पहिल्या प्रहरात गाढ झोपेचा वाटा मोठा आणि रेम जेमतेम काही मिनिटांची. रात्र उतरत जाते तशी गाढ झोप आटत जाते आणि रेम लांबत जाते. पहाटेच्या शेवटच्या फेरीतली रेम अर्ध्या तासाच्या पुढेही जाऊ शकते. रेमखेरीजच्या झोपेतही स्वप्नं पडतात हे नंतर सिद्ध झालं, पण ती बहुधा तुटक असतात, विचारांसारखी. ज्याला आपण चवीने 'काय स्वप्न पडलं म्हणून सांगू!' म्हणतो, ते चित्रविचित्र, रंगीत, लांबलचक स्वप्न मुख्यतः रेमचं. म्हणजे ज्या झोपेला मराठीने साखरझोप असं गोड नाव दिलं, तीच स्वप्नांची सुगी.

एवढंच नाही. स्वप्न टिकतं ते त्यातून थेट जाग आली तरच. रेम झोपेत मेंदूतलं नॉरॲड्रेनलिन हे रसायन जवळजवळ बंद असतं, आणि आठवण पक्की करण्यात त्याचा मोठा हात असतो. कागद आहे, शाई आहे, पण शाई वाळतच नाही, असं काहीसं. रात्री दोनला पडलेल्या स्वप्नावरून पुढची गाढ झोप बोळा फिरवून जाते. पहाटेच्या स्वप्नानंतर मात्र दूधवाल्याची घंटी वाजते आणि आपण ओल्या शाईनिशी जागे होतो. 'मला स्वप्नंच पडत नाहीत' असं छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसांनाही रेममध्ये उठवलं की पुष्कळदा ती स्वप्न सांगतात. त्यांना स्वप्नं पडतात, ती फक्त सकाळपर्यंत पोचत नाहीत.

तेव्हा पहाटेला वेगळं काढण्यात आजीचं चुकत नव्हतं. ती एकटीही नव्हती. आपल्या जुन्या स्वप्नशास्त्रात प्रहरांचा हिशोबच आहे: पहिल्या प्रहरातल्या स्वप्नाचं फळ वर्षाने, दुसऱ्यातल्याचं सहा महिन्यांनी, तिसऱ्यातल्याचं तीन महिन्यांनी, आणि अरुणोदयाच्या वेळचं अवघ्या काही दिवसांत. आकडे ग्रंथागणिक थोडे बदलतात, उतरण तीच राहते. चरकसंहितेतही रात्रीच्या सुरुवातीचं स्वप्न अल्पफळ म्हटलंय, आणि ज्या स्वप्नानंतर पुन्हा झोप लागत नाही त्याला मोठा मान दिलाय. निरीक्षण किती बारीक होतं पाहा. पहाटेची स्वप्नं जास्त, ठसठशीत आणि लक्षात राहणारी असतात, हे त्या लोकांनी तारा न चिकटवता हेरलं होतं. फक्त 'लक्षात राहतं'वरून ते 'खरं होतं'वर उडी मारून गेले.

ती उडी का मारली जाते, याचा हिशोब सोपा आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. धरून चाला की प्रत्येकाला पहाटे एकच स्वप्न पडतं, आणि ते दुसऱ्या दिवशीच्या घटनेशी योगायोगाने जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक आहे. तरी रोज सकाळी राज्यात शंभराहून जास्त माणसं 'अगदी हेच मला पहाटे दिसलं होतं' म्हणत कपाळाला हात लावतील. ती गोष्ट ते नातवंडांपर्यंत सांगतील. उरलेल्या ११ कोटी २३ लाख ९९ हजारांची स्वप्नं दात घासता घासता वाहून जातील. जुळलेलं स्वप्न तेवढं घरात गोष्ट होऊन राहतं. न जुळलेल्यांची नोंद कोण ठेवतो?

आता दुसरं वाक्य. मनी वसे ते स्वप्नी दिसे.

चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या दोषांतून उपजलेलं. त्यातले पहिले पाच वैद्याने निष्फळ समजावेत असा स्पष्ट आदेश आहे. म्हणजे सातांतल्या पाचांची वासलात 'मनात होतं ते दिसलं' म्हणून लावून टाकलेली. दिवसा पडलेली स्वप्नंही बाद. इतका कोरडेपणा त्या काळच्या वैद्याकडून अपेक्षित नसतो.

या वाक्याची आधुनिक परीक्षा २००० साली हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी घेतली, तीही व्हिडिओ गेमने. वरून ठोकळे पडतात आणि ते रचायचे असतात तो 'टेट्रिस' त्यांनी २७ जणांना दिवसाचे काही तास खेळायला लावला. झोप लागता लागता १७ जणांना डोळ्यांसमोर ठोकळे पडताना दिसले. पण खरी गंमत पुढे आहे. त्या २७मध्ये पाच जण असे होते की मेंदूच्या इजेमुळे त्यांना नव्या आठवणी धरताच येत नव्हत्या. रोज त्यांना तो खेळ नव्याने शिकवावा लागे, शिकवणाऱ्याची ओळखही नव्याने करून द्यावी लागे. त्यातल्या तिघांनाही पडणारे ठोकळे दिसले. हे काय आहे, कुठून आलं, त्यांना सांगता येत नव्हतं. 'मनी वसे' खरंच, पण मनाला स्वतःच्या घरात कोण वसतं याचा पत्ता असतोच असं नाही.

मनात जे कधी आलंच नाही ते स्वप्नातही येत नाही. जन्मापासून दृष्टी नसलेल्यांच्या स्वप्नांत सहसा चित्रं नसतात. आवाज, स्पर्श, वास, पायांखालची जमीन असते. वयाच्या सहा-सात वर्षांनंतर दृष्टी गेलेल्यांना मात्र बहुधा चित्रं दिसत राहतात. रंगांचंही तसंच. १९४०-५०च्या दशकांत अमेरिकेत विचारलं, तर बहुतेक लोक आपली स्वप्नं काळीपांढरी असल्याचं सांगत. साठच्या दशकापासून बहुतेक लोक रंगीत स्वप्नं सांगू लागले. मधल्या काळात पडद्यावरचा सिनेमा रंगीत झाला होता. स्वप्नं खरोखर बदलली की स्वप्न 'आठवण्याची' पद्धत बदलली, हा वाद अजून मिटलेला नाही.

आपल्याकडचं सर्वांत सुंदर उदाहरण सतराव्या शतकातलं आहे. संत बहिणाबाई कोल्हापूरला होत्या, तेव्हा जयरामस्वामींच्या कीर्तनांतून तुकोबांचे अभंग त्यांच्या कानावर पडत होते. तुकोबांना त्यांनी पाहिलेलं नव्हतं. भेटीची तळमळ वाढत गेली आणि तुकोबांनी स्वप्नात येऊन उपदेश केला, असं त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगितलं आहे. खुद्द तुकोबांनाही, नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्वाचं काम सोपवलं, असं ते सांगतात. भाविकाला यात कृपा दिसेल, अभ्यासकाला ध्यास. पण स्वप्नाआधी ऐकलेल्या त्या कीर्तनांवर दोघांचंही एकमत व्हायला हरकत नाही.

शास्त्रज्ञांचंही याहून निराळं नाही. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे ऑटो लोवी यांना एका रात्री स्वप्नात एक प्रयोग सुचला. अर्धवट जागे होऊन त्यांनी चिठ्ठीवर खरडलं, आणि सकाळी स्वतःचंच अक्षर त्यांना लागेना. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला तोच प्रयोग पुन्हा स्वप्नात आला. या वेळी चिठ्ठीच्या भानगडीत न पडता ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. एका बेडकाच्या हृदयाची गती चेतातंतूने मंदावली, त्या हृदयाभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं. चेतातंतू निरोप रसायनाने पोचवतात, हे सिद्ध झालं. १९२१ साली हे काम प्रसिद्ध झालं आणि १९३६ साली त्यांना नोबेल मिळालं. पण ही कल्पना त्यांच्या बोलण्यात पहिल्यांदा आली होती १९०३ साली. बी सतरा-अठरा वर्षं जमिनीत होतं. स्वप्नात फक्त कोंब वर आला.

मनातलंच दिसतं, तर मग ते इतकं वेडंवाकडं का? माझ्या हातात भाजीची पिशवी का? रेम झोपेत मेंदूचे भावनांचे आणि दृश्यांचे भाग जोरात चालू असतात, पण कपाळामागचा जो भाग दिवसा 'अरे, हे कसं शक्य आहे?' असं विचारतो, तो मंदावलेला असतो. घरातला एकमेव हिशेबी माणूस गावाला गेलाय आणि पोरांनी घर डोक्यावर घेतलंय. म्हणून स्वप्नात आपण उडतो आणि आश्चर्य वाटत नाही. मेलेले काका पंगतीत वाढायला येतात आणि आपण त्यांच्याकडे आणखी एक जिलबी मागतो.

या दंग्यात आपण अंथरुणातून उठून पळत कसे नाही? कारण त्या वेळी मेंदू मानेखालचे स्नायू सैल सोडून देतो. डोळे आणि श्वास तेवढे चालू. फ्रान्समधल्या लियॉनचे मिशेल जूव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतली ही खिट्टी काढून टाकली, तर झोपलेली मांजरं उठून न दिसणाऱ्या भक्ष्यावर झडप घालू लागली. माणसांतही कधीकधी ती खिट्टी निसटते. स्वप्नातल्या चोराला मारलेली लाथ शेजारी झोपलेल्या बायकोला बसते. १९८६ साली अमेरिकेत या विकाराची पहिली सविस्तर नोंद झाली. उतारवयात हे सुरू झालं तर थट्टेवारी नेऊ नये, डॉक्टरांना दाखवावं. अशांपैकी अनेकांना पुढे काही वर्षांनी कंपवात किंवा त्याच्या जातीचा आजार होतो. उलट, कधीकधी जाग आधी येते आणि खिट्टी नंतर निघते. डोळे उघडे, पण हात हलत नाही, ओरडावं तर आवाज फुटत नाही, छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटतं. गावोगावची भुतं अशा पहाटेंवर पोसली गेली आहेत. ते काही क्षणांत आपोआप सुटतं, आणि त्याला अंगारा लागत नाही.

आणि क्वचित असंही होतं की तो हिशेबी माणूस स्वप्न चालू असतानाच गावाहून परत येतो. 'हे स्वप्न आहे' हे स्वप्नातच कळतं. याचा पुरावा मिळायचा कसा? झोपलेला माणूस फक्त डोळे हलवू शकतो, म्हणून डोळ्यांनीच खूण करायची ठरली. १९७५ साली इंग्लंडमधल्या हल येथे कीथ हर्न यांच्या प्रयोगात ॲलन वर्स्ली यांनी झोपेतून अशी खूण पाठवली. पुढे स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांनी अशा स्वप्नाळूंना स्वप्नातच दहा आकडे मोजायला लावले. जाग्या माणसाला लागतो साधारण तेवढाच वेळ लागला. 'स्वप्नात क्षणात जन्म सरतो' ही समजूत त्यामुळे ढिली झाली. २०२१ साली तर चार देशांतल्या संशोधकांनी झोपलेल्यांना प्रश्न विचारले. आठ वजा सहा किती? एका तरुणाने स्वप्नातूनच डोळे दोनदा फिरवले. दोन. बहुतेक प्रयत्नांत उत्तर आलं नाही, तरी फोन लागतो एवढं नक्की झालं. मला मात्र त्या पोराचा हेवा वाटला. स्वप्नात गणित विचारलं आणि बरोबर आलं!

राहिलं आजीचं तिसरं वाक्य. वाईट स्वप्न बोलून टाकावं.

ज्यांना भयानक अनुभवानंतर तेच ते दुःस्वप्न वर्षानुवर्षं पडत राहतं, त्यांच्यासाठी एक साधा उपचार आहे. स्वप्न कागदावर लिहायचं. मग त्यात हवा तो बदल करायचा: शेवट बदला, माणूस बदला, दार उघडं ठेवा. आणि हे नवं स्वप्न रोज काही मिनिटं, जागेपणी, डोळ्यांसमोर आणायचं. अमेरिकेत लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या १६८ स्त्रियांवरचा अशा उपचाराचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. उपचार घेतलेल्यांची दुःस्वप्नं लक्षणीय कमी झाली, झोप सुधारली. चरकसंहितेत स्वप्नांच्या प्रकरणाच्या शेवटी एक सवलत आहे: अशुभ स्वप्नानंतर त्याच झोपेत पुन्हा सौम्य, शुभ स्वप्न दिसलं, तर फळ शुभच समजावं. शेवट गोड करायची मुभा आहे, एवढंच दोघंही सांगतात. तीन वाक्यांपैकी आजीचं हे वाक्य मला सर्वांत कमी शास्त्रीय वाटायचं. प्रयोगशाळेतून ते जवळजवळ जसंच्या तसं बाहेर आलं.

स्वप्नं मुळात पडतातच का, यावर मतं बरीच आहेत. कोणी म्हणतं ती आठवणींची आवराआवर आहे, कोणी म्हणतं संकटाची रंगीत तालीम. तालमीच्या बाजूने एक मजेदार पुरावा आहे. पॅरिसमधल्या इझाबेल अर्न्युल्फ यांनी वैद्यकीय स्पर्धा परीक्षेला बसलेल्या ७१९ विद्यार्थ्यांना विचारलं. सुमारे ६० टक्क्यांना आदल्या रात्री परीक्षेचंच स्वप्न पडलं होतं, आणि त्यांतली बहुतेक स्वप्नं उशीर झाला, उत्तरं येईनात, असली. पण ज्यांना परीक्षेआधीच्या सत्रात अशी स्वप्नं वारंवार पडली होती, त्यांना गुण जास्त मिळाले. स्वप्नांमुळे गुण वाढले की अभ्यासात बुडालेल्यांनाच स्वप्नं जास्त पडली, हे सांगणं कठीण. मनी वसे, म्हणजे पुन्हा आजीच.

हे सगळं वाचून झाल्यावर मी तो उपचार माझ्या बीजगणितावर करून पाहिला. पंधरा दिवस रोज झोपताना डोळ्यांसमोर आणलं: जिना संपतो, वर्गात पोचतो, पिशवी बाकाखाली ठेवतो, खिशात पेन सापडतं. परवा पेपर पुन्हा पडला. हॉल तिकीट घरीच राहिलं होतं, जिनाही तेवढाच लांब होता. पण वर्गात पोचलो तेव्हा पोरं नुकतीच बसत होती आणि बाईंनी प्रश्नपत्रिका हातात दिली. पहिलाच प्रश्न वाचायला घेतला आणि जाग आली.

उशाशी मोबाइल पाहिला. पाच वाजून चाळीस मिनिटं. आजी असती तर कप खाली ठेवून म्हणाली असती, "पहाटेचंय ना? मग ऊठ, अभ्यासाला बस."